बिगरीच्या दाराशी बसलेली बाई

मार्च सरत आला की आमच्या ताथवड्याच्या रस्त्यावरची पोरं सावकाश चालायला लागतात. एरवी ही इंजिनिअरिंगची मुलं गाडीवरून तिघं तिघं सुसाट जातात. या दिवसांत मात्र हातात झेरॉक्सच्या कागदांची भेंडोळी घेऊन, ओठ हलवत, चहाच्या टपरीपासून कॉलेजच्या फाटकापर्यंत पायी फेऱ्या मारतात. मी गॅलरीत बसून बघते. चौऱ्याऐंशीव्या वर्षी बघण्यासारखं दुसरं काम नाही. कोण पाठ करतंय आणि कोण समजून घेतंय हे चालण्यावरून ओळखता येतं, असा माझा एक अंदाज आहे. पाठ करणारा सरळ चालतो. समजून घेणारा मध्येच थांबतो, मागे वळतो, पुन्हा दोन पावलं टाकतो.

मी ज्यांच्याकडे राहते त्या माझ्या भाचीची मुलगी, मानसी, सध्या याच धांदलीत आहे. सकाळी ती एका बालवाडीत मुख्य बाईंच्या हाताखाली काम करते आणि दुपारनंतर शिक्षणशास्त्राच्या मास्टर्सचा अभ्यास करते. परवा चहा पिताना वैतागून म्हणाली, "मावशीआजी, मुख्य बाई शिकवतात आणि मी नाकं पुसते, डबे उघडते. याला म्हणे टीचिंग असिस्टंट. तुमच्या काळात असलं काही होतं का हो?"

"एक होती," मी म्हटलं. "इथून हाकेच्या अंतरावर. तिच्यावर प्रबंध लिहूनच मला एम.एड. मिळालं."

मानसीला पेपर होता, ती उठून गेली. पण मी काही त्या उन्हाळ्यातून उठले नाही. अजून तिथेच बसले आहे.

पन्नासचं दशक तेव्हा निम्म्यावर आलं होतं. चिंचवडच्या एका हायस्कूलमध्ये मी शिकवत होते. नेमणुकीच्या कागदावर माझा हुद्दा 'सहाय्यक शिक्षिका' असा होता, आणि मी नेमकी कोणाला सहाय्य करते हा प्रश्न मला पहिल्या दिवसापासून पडला होता. मुख्याध्यापकांना विचारलं तर ते हसून म्हणाले, "मला." पण त्यांना माझं सहाय्य फक्त गैरहजर शिक्षकाचा तास घेण्यापुरतं लागायचं. चिंचवड तेव्हा गावच होतं. नदी, घाट, चिंचेची झाडं, आणि मुंबईच्या रस्त्यावरून अधूनमधून जाणारा एखादा ट्रक. पिंपरीकडे औषधाचा कारखाना उभा राहत होता. त्याच्या भिंती किती वर आल्या यावर गावात रोज बोलणं व्हायचं. निघोजे, चाकणकडची माणसं बैलगाडीने बाजाराला यायची आणि जाताना वाट वाकडी करून ते बांधकाम बघून जायची. सगळ्या मुलखालाच तेव्हा नवं काय होतंय याची उत्सुकता होती. मला जरा जास्तच होती. त्या भरात मी एम.एड.ला नाव घातलं.

आठवड्यातून तीन संध्याकाळी आगगाडीने पुण्याला जायचं, व्याख्यानं ऐकायची, परत यायचं. माझे मार्गदर्शक लेलेसर. सडपातळ, मोजकं बोलणारे, धोतराचा सोगा कोटाच्या खिशात खोचणारे. पहिल्या भेटीत मी त्यांच्यापुढे पाच विषय ठेवले. त्यांनी ते वाचलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "विषय राहू द्या. तुम्हाला खरोखर काय माहीत करून घ्यायचंय?"

मी विचार न करता बोलून गेले, "एक गुरुजी एका खोलीत चार-पाच वर्ग कसे सांभाळतात ते."

"मग जा आणि बघा," सर म्हणाले. "मत बनवू नका. घड्याळ लावून बघा."

दिवाळीनंतर मी वडिलांचं खिशातलं घड्याळ मागून घेतलं, वहीवर उभ्या रेघा मारल्या आणि हायस्कूलमधून सवड काढून, बहुतेक शनिवारी, पवनेपलीकडच्या एका वस्तीतल्या शाळेत जायला लागले. पुनावळे आणि ताथवड्याच्या मधल्या अंगाला ती वस्ती होती. तिचं नाव मी प्रबंधात लिहिलं नाही, इथेही लिहीत नाही. का ते पुढे येईलच. नदीला एके ठिकाणी उतार होता. साडी जरा वर खोचून, सायकल हाताने ढकलत पलीकडे जायचं. पाण्यात गोटे स्वच्छ दिसायचे. दोन्ही बाजूंना गहू आणि हरभरा. हरभऱ्याच्या पानांवरची आंबट आंब सकाळच्या गारव्यात नाकाला जाणवायची, आणि सायकलची चाकं ओल्या पाऊलवाटेवर कुरकुरायची. या वाटेवर आता चौदा मजली इमारती आहेत. मी गॅलरीतून अंदाज बांधते, उतार कुठे असेल. जमत नाही.

शाळा म्हणजे चावडीला लागून एक लांबट खोली. बिगरी, म्हणजे पहिलीच्या आधीचा वर्ग, ते चौथी, सगळी मिळून चाळीसेक मुलं. शिकवायला एकटे जाधव गुरुजी. पन्नाशी ओलांडलेले, काळी टोपी, घरी धुतलेला पांढरा सदरा. खेडकडचे होते. त्यांनी मला कोपऱ्यात एक स्टूल दिलं आणि म्हणाले, "बसा बाई. इथं बघण्यासारखं काही नाही, पण बसा."

मी दर पाच मिनिटांनी घड्याळ बघून वहीत नोंद करायची. चौथीला गणित. तिसरीला शुद्धलेखन. दुसरी पाढे म्हणते. गुरुजी पहिलीकडे. बिगरीच्या रकान्यात बहुतेक वेळा 'गुरुजी नाहीत' असंच यायचं. बिगरी दाराशी बसायची, आणि तिच्याजवळ चौकटीला टेकून एक बाई बसलेली असायची. तिशीच्या पुढची, उन्हाने रापलेली, कपाळावर ठसठशीत कुंकू. पहिल्याच दिवशी गुरुजींनी ओझरतं सांगितलं होतं, "हौसाबाई. पोरगी एकटी बसंना, रडायची, म्हणून दोन वर्षांमागे तिला घेऊन बसायला लागली." मी वहीत लिहिलं, 'एक पालक हजर', आणि तिच्याकडे पाठ केली.

जानेवारीत नोंदींची बेरीज करायला बसले आणि गोंधळले. गुरुजींचा दिवसातला अर्धा तासही बिगरीच्या वाट्याला येत नव्हता. आणि तरी 'मुलं कामात आहेत' ही खूण सगळ्यांत जास्त वेळा बिगरीच्याच रकान्यात होती. चौथीची मुलं गुरुजी समोर असतानाही खिडकीबाहेर बघत होती. बिगरीला कोणी बघत नव्हतं आणि ती मान वर करत नव्हती.

पुढच्या शनिवारी मी स्टूल उचललं आणि बिगरीकडे तोंड करून बसले.

हौसाबाईला अक्षरओळख नव्हती. म्हणजे दोन वर्षांपूर्वी नव्हती. आता तुकड्या-तुकड्याने यायला लागली होती. ती शिकवत नव्हती. ती विचारत होती. शेजारच्या मुलीच्या पाटीवर बोट ठेवून म्हणाली, "ह्ये काय लिवलंस गं?"

"बदक."

"कुठं हाय त्यात बदक? मला तर तीन कायतरी दिसत्यात."

मग ती मुलगी ब, द, क वेगवेगळे करून दाखवायला लागली. दुसरा एक जण म्हणाला, तुझा द उलटा आहे. दोघांची जुंपली. हौसाबाई दोघांकडे बघत राहिली आणि म्हणाली, "दोघांचं येगळं येतंय. मंग खरं कुणाचं? मला न्हाई ठावं. पुस्तकात बघा बरं." चार डोकी अंकलिपीवर वाकली. गुरुजी तिकडे तिसरीला कविता सांगत होते. त्यांना यातलं काही ऐकूही गेलं नसेल.

आणि एकदा ती आठाची गोष्ट झाली. पाच आणि तीन आठ, असं मुलांनी चिंचोके मांडून तिला दाखवलं. तिला ते पटलं. मग कोणीतरी तीन आणि पाच मांडले, तेही आठ. हौसाबाईने दोन्ही मांडण्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "ह्ये दोन आठ येकच हाईत, का येगळं?"

बिगरीतली सहा-सहा वर्षांची मुलं. त्यांनी त्या प्रश्नावर अख्खी सकाळ घालवली. एकजण म्हणाला वेगळे, कारण चिंचोके वेगळे आहेत. तिची मुलगी कमळी पहिलीच्या रांगेतून उठून आली, म्हणाली एकच, आणि ते सिद्ध करायला ती पाच चिंचोक्यांच्या बाजूला जाऊन बसली, मग उठून तीनच्या बाजूला जाऊन बसली. "आई, मी हिकडून मोजलं तरी तेवढंच की!" मी नोंद करायची विसरले. घड्याळात तास निघून गेले आणि वहीत त्या सकाळच्या जागी कोरा पट्टा राहिला. लेलेसरांनी पुढे त्या पट्ट्यावर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं होतं.

मला एकच शंका यायची. ही बाई नाटक तर करत नाही? कळून न कळल्यासारखं करून मुलांकडून बोलवून घेणं ही युक्ती आम्हाला बी.टी.ला, म्हणजे तेव्हाच्या बी.एड.ला, शिकवली होती. एका दुपारी मी तिला सरळ विचारलं. ती माझ्याकडे नवल वाटल्यासारखी बघायला लागली. "बाई, मला खरंच ठावं नसतंय. जे कळलं ते मी सांगून टाकते पोरांस्नी, की ह्ये मला आता येतं, दुसरं दावा. खोटं इचारलं तर पोरं वळखत्यात."

फेब्रुवारीत मी प्रबंधाचा कच्चा मसुदा सरांकडे दिला. हौसाबाई त्यात नव्हती. त्याचं कारण गुरुजी. मी काय बघते आहे हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा मला बाहेर बोलावून हलक्या आवाजात म्हणाले, "बाई, तिचं लिहू नका. शाळेबाहेरचं माणूस वर्गात बसू देणं नियमात नाही. डेप्युटी तपासणीला येतात त्या दिवशी ती घरी राहते, म्हणून चाललंय. माझी तीन वर्षं राहिलीत. छापलेला कागद कुठून कुठे जाईल, सांगता येतं का?" मी त्यांना शब्द दिला.

सरांनी मसुदा परत केला तो हातात धरूनच. "बिगरीकडे कोणी बघत नाही आणि बिगरी सगळ्यांच्या पुढे. का?"

मी म्हटलं, "मुलं लहान आहेत, त्यांना उत्साह असतो."

"चाळीस पानं घड्याळ लावून लिहिलीत आणि इथे येऊन उत्साह?" त्यांनी चष्मा काढला. "कुलकर्णीबाई, तुम्हाला कारण माहीत आहे आणि तुम्ही ते लिहीत नाही."

मग मी सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा घातला. म्हणाले, "गावाचं नाव घालू नका. बाईचं, गुरुजींचं घालू नका. पण ती तिथे नव्हतीच असं लिहून माझ्याकडून सही मागू नका. आणि मला एक सांगा, तुम्ही गुरुजींना विचारलंत, आता मला विचारताय. तिला विचारलंत का?"

नव्हतं विचारलं. महिनाभर मी तिच्याकडे बघत होते, तिचा एकेक शब्द टिपत होते, आणि तिला विचारायचं मला सुचलंच नव्हतं. परतीच्या गाडीत मला स्वतःची लाज वाटली, ती आजही थोडी शिल्लक आहे.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. हौसाबाई शेतात हरभरा उपटत होती. मी बांधावर बसले. तिने ओंजळभर सोलाणे माझ्या पदरात टाकले आणि पदराने तोंड पुसत समोर येऊन बसली. मी तिला काय लिहिलंय, काय लिहायचं राहिलंय, गुरुजींना कशाची भीती आहे, ते सगळं सांगितलं.

"माज्याबद्दल काय लिवनार, ते वाचून दावा," ती म्हणाली.

तिच्याबद्दल वहीत करून ठेवलेलं टिपण इंग्रजीत होतं. मी ओळीओळीने मराठी करून सांगायला लागले. ती मान डोलवत होती. मी म्हटलं, "ही स्त्री आपली मुलगी शाळेत रमावी म्हणून रोज वर्गात बसते," आणि ती एकदम म्हणाली, "ह्ये चूक हाय."

"का? गुरुजींनीच सांगितलं."

"कमळी तर दोन महिन्यात रुळली. ती आता पहिलीत, तिकडं बसती, येरवी माज्याकडं बघत बी न्हाई. तिच्यासाठी कशाला बसू?" तिने एक घाटा सोलला, दाणा तोंडात टाकला. "मी माज्यासाठी येते. मला त्यातलं कळू लागलंय. सासूला सांगते पोरीसाठी जाते, गुरुजींस्नी बी त्येच वाटतंय. कुनी इचारलंच न्हाई."

मी तिथेच पेन काढून ती ओळ खोडली. त्या एका ओळीने माझा सगळा प्रबंध उलटा झाला. मी मदतनीस शोधायला निघाले होते आणि माझ्यासमोर विद्यार्थिनी बसली होती. मग बिगरी इतकी पुढे का होती? बिगरीच हौसाबाईला मदत करत होती म्हणून? हा विचार मला इतका नवा होता की मी सायकलवर बसायचं विसरून उतारापर्यंत चालत गेले.

पण निघण्याआधी तिने आणखी एक सांगितलं होतं. "लिवा तुमी. पर चोरून बसलेली बाई म्हनून लिवू नका. दिपोटी आला की मी घरी ऱ्हाते, त्ये मला बी बरं वाटत न्हाई. पोरं इचारत्यात, काल का न्हाई आलीस, तर काय सांगू? औंदा बसते."

"गुरुजी अडचणीत येतील," मी म्हटलं.

"गुरुजींस्नी मी सांगते," ती म्हणाली.

तिने सांगितलं की नाही, सांगितलं तर काय, ते मला कळलं नाही. तपासणीच्या दिवशी मी गेले तेव्हा खोली शेणाने सारवलेली होती, मुलांचे केस तेल लावून चापून बसवलेले होते, आणि हौसाबाई धुतलेलं लुगडं नेसून बिगरीत, तिच्या जागी. गुरुजींचा चेहरा उतरला होता. पण त्यांनी तिला उठवलं नव्हतं.

डेप्युटीसाहेब जीपमधून आले. थुलथुलीत, प्रेमळ चेहऱ्याचे गृहस्थ. मी एम.एड. करते हे कळल्यावर खूश झाले, मला शेजारी खुर्ची दिली. चौथीपासून तपासत खाली आले, आणि बिगरीपाशी थांबले.

"गुरुजी, ह्या कोण?"

मला वाटलं, गुरुजी म्हणतील, कोणाची तरी आई आहे, आजच आली आहे. तसं म्हटलं असतं तर निभावलं असतं. गुरुजींनी टोपी काढली, पुन्हा घातली, आणि म्हणाले, "हौसाबाई. दोन वर्षांपासून रोज येतात. माझ्या परवानगीनं. बिगरी त्यांच्यामुळं चालते, साहेब."

साहेबांना ते ऐकू आलं की गंमत वाटली, ते कळेना. त्यांनी भिंतीवरच्या तक्त्यावर छडी ठेवली आणि हौसाबाईला म्हणाले, "मग वाचा बघू."

ती उभी राहिली. तक्त्यावर 'सूर्य' होतं. "सू," ती म्हणाली, आणि अडली. मुलं ओठांनी सांगू बघत होती, साहेबांनी त्यांना दटावलं. हौसाबाईने बोट वर नेलं. "साहेब, ह्यो जो डोक्यावर चढलाय, त्यो र हाय, ह्ये मला ठावं हाय. पर त्यो आदी म्हनायचा का मागनं? आन् चक्रात त्योच र पायाशी बसतोय. त्याचं घर कुठलं?"

साहेब हसले. मग हसता हसता थांबले. त्यांनी खडू घेतला. मला त्यांचा तो चेहरा अजून दिसतो: एक अधिकारी खाली वाकून फळ्यावर सूर्य आणि चक्र लिहितोय, र आधी उच्चारला की वर जातो आणि नंतर उच्चारला की खाली, हे सांगताना त्याचा आवाज वर चढतोय, आणि बिगरीच काय, चौथीपर्यंतची सगळी मुलं गुडघ्यांवर उभी राहून बघताहेत. दोनदा ते स्वतःच चुकले आणि कमळीने त्यांना सुधारलं. ते गोरेमोरे झाले, पण खूश होते. मला वाटलं, जिंकलं.

मग त्यांनी हात झटकले, खुर्चीवर बसले, चहा घेतला आणि शेरेबुक मागवलं. 'वर्गात शाळेबाहेरील प्रौढ व्यक्तीस बसू देऊ नये. शिक्षकास समज दिली.' लिहिताना त्यांच्या चेहऱ्यावरचं सौजन्य जराही कमी झालं नव्हतं. जाताना हौसाबाईला म्हणाले, "बाई, हुशार आहात. प्रौढांचा वर्ग निघाला की नाव घाला." तसा वर्ग आसपासच्या कुठल्याच गावात नव्हता.

हौसाबाईने पाटी कमळीकडे दिली आणि ती घरी गेली.

यापुढचं मी सहसा कोणाला सांगत नाही. पुढच्या शनिवारी मी शाळेत गेले, दाराची चौकट रिकामी बघितली, आणि दुःख व्हायच्या आधी माझ्या मनात आलं: आता तुलना करता येईल. ती असताना आणि ती नसताना. कोणाही संशोधकाला मागून मिळालं नसतं असं मला आयतं मिळालं होतं, आणि ते मीच घडवून आणलं होतं, एका रविवारी बांधावर बसून. मी स्टूल ओढलं, घड्याळ काढलं आणि रकाने भरायला लागले. नोंदी अचूक आहेत.

बिगरी दाराकडे बघत बसायची. पाट्या कोऱ्या. गुरुजी बिचारे मधूनमधून येऊन तिच्यासारखंच करू बघायचे. एका पोराच्या पाटीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "हे काय लिहिलंय रे? मला कळत नाही."

पोरगा म्हणाला, "गुरुजी, तुमाला येतंय की!"

गुरुजींनी माझ्याकडे बघितलं. आम्हा दोघांनाही हसू आलं, आणि मग ते हसू कुठे ठेवावं हे कळेना. बी.टी.ची सगळी पुस्तकं त्या पोराने एका वाक्यात बाजूला सारली होती.

एप्रिलमध्ये लेखी परीक्षा झाली. उन्हाचा कडाका होता. परीक्षेच्या दालनात वाळ्याच्या पडद्यांवर शिपाई पाणी मारत होते, आणि तो ओला वास श्वासात घेत मी शैक्षणिक तत्त्वज्ञानावर पानंच्या पानं भरली. अजूनही कुठे वाळ्याचा वास आला की मला घाईघाईने काहीतरी लिहावंसं वाटतं. प्रबंधात मी हौसाबाई लिहिली, नाव न घेता. गुरुजींना विचारून लिहिली. "आता काय राहिलंय," ते म्हणाले, "समज तर मिळाली. नीट लिहा."

मे महिन्यात तोंडी परीक्षा. बाहेरून आलेले परीक्षक कडक होते. त्यांनी ती दोन प्रकरणं पुन्हा पुन्हा चाळली. "तुमची शिफारस काय? शाळांतून निरक्षर मदतनीस नेमावेत?"

"नाही सर. पण मुलाला जिला खरोखर सांगावं लागेल, जिला ते खरोखर हवं असेल, अशी एक तरी व्यक्ती वर्गात असावी असं मला वाटतं."

"ती व्यक्ती शिकून मोकळी झाली की?"

"ते मला ठाऊक नाही, सर," मी म्हटलं. लेलेसर खिडकीबाहेर बघत होते. परीक्षक म्हणाले, "हे मोजता येणार नाही," आणि पान उलटलं. मला दुसरा वर्ग मिळाला.

उत्तर अजूनही नाही. पुढे तीस वर्षं मी शिक्षक घडवण्याच्या कॉलेजात शिकवलं, आणि दर वर्षी नव्या मुलींना हा प्रश्न घातला. कोणी म्हणायची, मग नवी व्यक्ती आणावी. एक म्हणाली, बाई, तिला पुढच्या इयत्तेत पाठवावं. एका मुलीने मलाच विचारलं की तुम्ही स्वतः कुठल्या इयत्तेत आहात, आणि मी तिला त्या तासापुरतं बाहेर काढलं होतं. तेही चुकलंच.

निकाल लागला तेव्हा जून उजाडला होता, शाळा उघडल्या होत्या. मला दुसऱ्या जिल्ह्यात नेमणूक मिळाली होती. आठवड्यात निघायचं होतं. आभाळ नुसतंच भरून राहिलं होतं, नदीला अजून पाणी चढलं नव्हतं. मी शेवटचं म्हणून उतार ओलांडला. हातात घड्याळ नव्हतं, वही नव्हती. हौसाबाईला काय सांगायचं याची मनात जुळवाजुळव करत होते. तुमची जागा माझ्यामुळे गेली, असं सांगायचं ठरवलं होतं.

शाळेच्या मागच्या बाजूने आले तर खिडकीखाली, बाहेर, एका दगडावर हौसाबाई बसली होती. मांडीवर अंकलिपी. आत बिगरी नवी होती, जुनी पहिलीत गेली होती. आणि ती नवी बिगरी दाराशी नव्हती, सगळी खिडकीला चिकटली होती. गजांमधून पाट्या आडव्या करून बाहेर काढल्या जात होत्या. "मावशी, ह्ये बघ." "मावशी, माजं आदी." ती एकेक पाटी धरून, मान वाकडी करून, विचारत होती.

गुरुजी दारात आले. मला बघून त्यांनी टोपी नीट केली आणि अगदी सरकारी आवाजात म्हणाले, "शेऱ्यात 'वर्गात' असं लिहिलंय, बाई. खिडकीबाहेरचं काही लिहिलेलं नाही."

हौसाबाईने वर बघितलं. "आलासा व्हय? काय झालं परीक्षेचं?"

"पास झाले," मी म्हटलं. जुळवून आणलेलं काहीच तोंडातून निघेना.

"काय काय इचारलं त्यांनी?"

मी तिच्याजवळ मातीत बसले आणि सांगितलं. परीक्षक काय म्हणाले, मी काय म्हटलं, ती शिकून मोकळी झाली की काय, हेही सांगितलं. आतली पोरं पाट्या तशाच धरून ऐकत होती. ती मन लावून, भुवया आवळून ऐकत राहिली.

"मंग?" ती म्हणाली. "कळलं का त्यांना?"

"पास केलं की त्यांनी मला."

"त्ये न्हाई इचारलं," हौसाबाई म्हणाली. "इतकं लांबनं येऊन इचारत व्हते म्हंजी त्यांना ठावं नसंल ना? तुमी एवढं सांगितलंत. कळलं का त्यांना?"